लाझार सरांच्या चोवीस चिपा

बल्गेरियातल्या प्लोवदिवमध्ये कुणाचा जुना कॉम्प्युटर बंद पडला की लोक स्विलेनकडे येत, आणि लोक आपल्याकडे येतात याचा स्विलेनला जरा जास्तच आनंद होता. पोटासाठी तो दुकानांतली बिलाची यंत्रं दुरुस्त करायचा. त्या कामाबद्दल कुणी विचारलं तर दोन शब्दांत उरकायचा. पण शनिवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत क्लब भरला की हाच माणूस छाती काढून चालायला लागायचा. शाळांनी भंगारात काढलेले, देशातच बनलेले प्रावेत्स कॉम्प्युटर तिथे टेबलांवर मांडलेले असत, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिला धडा स्विलेनच द्यायचा.

"आधी वायरी बघा. मग पुन्हा बघा. मग बटण," तो बोट नाचवत सांगायचा. "ही जुनी मेमरी तीन तऱ्हेची वीज खाते. त्यातली उणे पाच व्होल्टची वायर सुटलेली असली आणि तुम्ही बटण दाबलंत, की सगळ्या चिपा एका दमात भाजल्या. वास यायच्या आत मेल्या. आणि या चिपा आता जगात कुणी बनवत नाही. जो मारतो तो सगळ्यांच्या वाटणीतल्या मारतो."

लोक माना डोलवत. काही जण लिहूनही घेत. स्विलेनला ते फार आवडे.

फेब्रुवारीत त्याच्याकडे वेनेताबाई ताबाकोवा आल्या. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या, अंगाने काटकुळ्या आणि जिभेने तिखट. त्यांचे यजमान लाझार सर कार्शियाका भागातल्या, बाईंच्याच शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे. शाळेने काही यंत्रं फेकली तेव्हा सरांनी त्यातलं एक ट्रॉलीबसमधून मांडीवर घेऊन घरी आणलं होतं. गेल्या मार्चमध्ये सर गेले. आता वर्षश्राद्ध जवळ आलं होतं.

बाईंनी पिशवीतून एक फ्लॉपी काढली. तिच्यावर पेन्सिलीने 'वेनेतासाठी' असं लिहिलेलं.

"तीस वर्षं म्हणत होता, ये, बघ, दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हणायची, पेपर तपासून होऊ देत," बाई म्हणाल्या. "पेपर संपले, शाळा संपली, तोही संपला. आता वर्षाच्या जेवणाआधी मला एकदा बघायचंय. मग तो डबा तुमच्या क्लबात ठेवा, नाही तर कोंबड्या पाळा त्यात."

"दुसऱ्या यंत्रावर आत्ता लावून दाखवू का?"

"चालत नाही रे. ही फक्त त्याच्याच यंत्रावर चालते. शाळेत नेली की नुसती घरघर करायची आणि लाझार दिवसभर माझ्यावर चिडायचा." मग त्यांनी आवाज जरा खाली आणला. "अजून एक सांगून ठेवते. तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मी झाकण उघडून आतली धूळ पुसली. एक निळी वायर हातात आली. होती तिथे परत खोचली. चुकले असेन तर बोल मला, पण बोल समोर."

"धुळीने कुणाचं काही बिघडत नाही, बाई," स्विलेन ऐटीत म्हणाला. "चालू झालं की त्याच क्षणी फोन करतो."

यंत्र त्याने घरी आणलं. बाईंच्या त्या निळ्या वायरीमुळे आणि स्वतःच्या शिस्तीमुळे त्याने सरांचा वीजपुरवठ्याचा डबा बाजूला काढला आणि स्वतः बनवलेला जोडला. वायरी बघितल्या, पुन्हा बघितल्या, बटण दाबलं. यंत्र 'टूं' करून जागं झालं. हिरव्या पडद्यावर नाव आलं. स्विलेनने फ्लॉपी आत सरकवली. नुसती चालते का ते बघायला, असं त्याने स्वतःला सांगितलं. ती चालली. पडद्यावर आलं ते त्याने वाचलं आणि एकटाच हसला, आणि दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटून लगेच बंद केलं.

फोन मात्र केला नाही. त्याच्या मनात वेगळंच शिजत होतं. यंत्र धुऊनपुसून लख्ख करायचं, शनिवारी बाईंना क्लबात बोलवायचं, सगळ्यांसमोर बटण दाबायचं. लोक टाळ्या वाजवतील, बाई डोळे पुसतील, आणि आपण 'काही विशेष नाही' असं म्हणायचं. हे 'काही विशेष नाही' त्याने आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने बोर्ड काढला, ब्रशने साफ केला, परत बसवला आणि वायरी जोडायला घेतल्या. तेवढ्यात वार्नाहून एका हौशी माणसाचा फोन आला. त्याला पहिल्यांदाच असं यंत्र मिळालं होतं. स्विलेनने फोन खांद्यात धरला आणि धडा सुरू केला. "सगळ्यात आधी उणे पाच बघ. ती नसली तर संपलं. मी तर डोळे मिटूनसुद्धा चुकत नाही," असं म्हणता म्हणता त्याने बटण दाबलं.

पडद्यावर चौकडीच्या लुगड्यासारखे ठिपकेच ठिपके आले. स्विलेनने खाली पाहिलं. उणे पाचच्या वायरीचा चिमटा टेबलाच्या कडेवरून लोंबत होता. पलीकडून वार्नावाला विचारत होता, "हॅलो? मग उणे पाच कुठे लावायची म्हणालात?"

चोवीसच्या चोवीस चिपा गेल्या. त्याने एकेक काढून तपासली, कारण माणूस मेलेल्यालाही एकदा हाक मारून बघतो. बाकी सगळं यंत्र ठणठणीत होतं, तेच वाईट होतं. काय झालं ते लपवायला दुसरं काही बिघडलेलंसुद्धा नव्हतं. स्विलेनचे कान तापले. खोलीत कुणी नव्हतं, तरी त्याने उठून दार लावून घेतलं.

दोन दिवसांनी तो बाईंकडे गेला. सांगायचं ठरवूनच गेला होता. बाईंनी चहा ठेवला आणि विचारलं, "काय म्हणतंय यंत्र?" आणि स्विलेनच्या तोंडून निघालं, "मेमरीच्या चिपा गेल्यात, बाई. वय झालं त्यांचं."

"सगळ्यांचं एकदम?"

"होतं असं. एकाच काळातल्या ना."

"आमच्याही इमारतीत तसंच चाललंय," बाई म्हणाल्या आणि हसल्या. त्या हसल्या म्हणून त्याला आणखी बोलवेना. "मग फ्लॉपी तेवढी मला परत दे. यंत्र दुरुस्त होईपर्यंत ती तरी जवळ असू दे." त्याने फ्लॉपी दिली. बाईंनी ती कपाटात लाझार सरांच्या फोटोमागे ठेवली. "नव्या चिपा मिळतात का कुठे?"

"मिळवतो," स्विलेन म्हणाला. "काहीही करून मिळवतो." हे बोलताना तो इतका भारावला की क्षणभर आपण कुणावर उपकार करतो आहोत असंच त्याला वाटलं.

चिपा शोधणं म्हणजे काय हे ज्याने केलं आहे त्यालाच कळेल. त्याने ओळखीच्या सगळ्यांना विचारलं. कुणाकडे दोन होत्या, कुणाकडे तीन, त्यातली एक लंगडी. मग त्याने परदेशातल्या एका दुकानाकडून चोवीसचं पाकीट मागवलं. पाकीट आलं, चिपा काळ्या कुळकुळीत, नाव ठळक. स्विलेनने कापसावर ॲसिटोन घेऊन एकीच्या पाठीवरून फिरवला आणि नाव कापसावर आलं. खाली घासलेल्या पाठीवर भलतंच जुनं नाव पुसट दिसत होतं. कुठल्या तरी खेळण्यातल्या चिपांवर कुणीतरी हवं ते नाव छापलं होतं. स्विलेनने त्या लबाडांना मनसोक्त शिव्या दिल्या. शिव्या देताना मधेच थांबला. खोटं नाव छापून माल विकणाऱ्याला शिव्या घालायचा अधिकार आपल्याला कितपत उरलाय, असा प्रश्न त्याला पडला.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, ती गाळली तर स्विलेनची उगाच दया येईल. त्याच्या स्वतःच्या घरी, काचेच्या कपाटात, एक प्रावेत्स होता. पहिल्या खेपेतला, ओरखडासुद्धा नसलेला. त्यात चोवीस धडधाकट चिपा सॉकेटमध्ये बसलेल्या होत्या. अर्ध्या तासाचं काम होतं. त्याने एकदा काच उघडलीही. मग यंत्रावर हात फिरवून काच लावली. चालतं यंत्र सुट्या भागांसाठी फोडायचं नाही, हा क्लबाचा नियम आहे, असं त्याने मनाशी म्हटलं. नियम त्यानेच केला होता.

शेवटी रविवारी तो जुन्या बाजारात बोंचोकाकांकडे गेला. बोंचोकाका म्हणजे एकेकाळी शाळाशाळांतून फिरून हीच यंत्रं दुरुस्त करणारे गृहस्थ. आता जमिनीवर चादर अंथरून दाराच्या कड्या, बिल्ले, रेडिओच्या काचा असलं विकायचे. पण चादरीवर नसलेला मालही त्यांच्याकडे असतो हे जाणकारांना ठाऊक होतं. आणि त्यांची अट सगळ्यांना ठाऊक होती. चिपा मारणाऱ्याला ते चिपा देत नसत. कितीही पैसे देऊ करा. "शिल्लक आहेत तेवढ्याच आहेत," ते म्हणत. "ज्याच्या हातून गेल्या त्याच्याच हातात परत द्यायच्या, तर मी दुकान कशाला मांडू, सरळ चुलीत घालतो."

बोंचोकाका सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले होते. शेजारच्या चादरीपाशी क्लबातले दोघे जण जुन्या कॅसेटी खालीवर करत होते. त्यांनी हात हलवला. स्विलेनने हात हलवला.

"या उस्ताद!" बोंचोकाका म्हणाले. "आज आमच्यासारख्या गरिबाच्या चादरीवर पायधूळ? काय हवंय?"

"मेमरी, काका. प्रावेत्सची, सोळावाली."

"किती?"

"चोवीस."

बोंचोकाकांनी तोंडातलं साल थुंकलं. "चोवीसच्या चोवीस? आणि बाकी यंत्र?"

"धड आहे."

"आणि कशाने गेल्या म्हणतोस?"

"वयाने."

"वय!" बोंचोकाका इतक्या मोठ्याने हसले की कॅसेटीवाले दोघे वळून बघायला लागले. "अरे, वय एकेकाला उचलतं. आज हा, पुढच्या हिवाळ्यात तो. सगळं गाव एका रात्रीत गेलं तर कुणीतरी विहिरीत काहीतरी टाकलेलं असतं. उणे पाच सुटली होती, लेका! कुणाचा हात? तुझा तर नव्हे?"

ते दोघे आता कॅसेटी बघत नव्हते. त्यातला एक तर स्विलेनचा धडा लिहून घेणाऱ्यांपैकी होता. खरं बोलायला एक शब्द पुरला असता. त्या एका शब्दाने चिपा गेल्या असत्या आणि शनिवारही गेले असते.

"माझा? काहीतरीच काय, काका!" तो म्हणाला, आणि एकदा तोंड उघडल्यावर ते थांबेना. "मालकीणबाई. म्हातारी आहे एक. नवरा गेल्यावर हिने झाकण उघडलं, धूळ पुसली, वायर उपटली आणि दिली कुठेतरी खुपसून. तिला काय कळतंय यातलं?"

"आणि बटण दाबलं?"

"दाबलंच असणार."

बोंचोकाकांचा चेहरा मऊ झाला. "असं होय. बाईमाणसाला काय माहीत. कोण म्हणायची?"

आता मागे येता येत नव्हतं. "कार्शियाकाच्या शाळेतले ताबाकोव सर..."

"लाझार?" बोंचोकाका उठून उभे राहिले. "अरे, लाझारचं यंत्र? आधी नाही का बोलायचं! त्या माणसाने मला दर फेरीला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वेनेता वैतागायची आणि वाढायची." त्यांनी गाडीच्या मागून हलव्याचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. आत सिगारेटच्या चांदीत गुंडाळलेल्या चिपा ओळीने निजवल्या होत्या. प्रावेत्सचा कारखाना बंद पडला त्या आठवड्यात त्यांनी खिशात घालून बाहेर काढलेल्या. "घे. पैशाचं नाव काढलंस तर डबा परत घेईन. बिचारी वेनेता. तिला सांग, होतं असं माणसाच्या हातून."

क्लबातला तो धडा लिहून घेणारा पोरगेलासा माणूस जवळ आला आणि डब्याकडे बघत म्हणाला, "नशीबवान आहे बाई, तुमच्या हाती यंत्र आलं ते." स्विलेनने डबा कोटाच्या आत धरला आणि बाजारातून असा निघाला की जणू तो चोरून नेतोय.

चिपा बसल्या. या वेळी त्याने वायरी इतक्यांदा बघितल्या की डोळ्यांपुढे त्या नाचायला लागल्या. यंत्र 'टूं' म्हणालं. स्विलेनला वाटलं होतं की तो आवाज ऐकला की छातीवरचं ओझं उतरेल. ते काही झालं नाही. उलट यंत्र इतकं निरोगी होऊन समोर बसलं होतं की त्याच्याकडे बघवेना. त्याने त्यावर टॉवेल टाकला, आणि तो टॉवेल तीन आठवडे तसाच राहिला.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी यंत्र, ड्राइव्ह आणि छोटा पडदा घेऊन तो बाईंचे तीन मजले चढला. दारावर सरांच्या फोटोचा नवा कागद लावलेला होता, 'एक वर्ष तुमच्याविना'. आत घरभर श्राद्धाला वाटायच्या उकडलेल्या गव्हाचा आणि व्हॅनिलाचा वास. बाईंनी दार उघडलं आणि स्विलेन चपापला. मागच्या भेटीनंतर बाई वाळल्या होत्या. जिभेचं तिखट कुठे गेलं होतं कुणास ठाऊक.

"ठेव तिथे," त्या म्हणाल्या. "बस. चीज घालून बानित्सा भाजली आहे तुझ्यासाठी. खा."

तो यंत्र जोडत असताना त्या मागे उभ्या होत्या. हात एप्रनच्या खिशात. "बोंचोचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "बाजाराच्या दिवशीच. समजूत घालत होता माझी. रडू नकोस म्हणाला, होतं असं. मला आधी कळेचना तो कशाबद्दल बोलतोय. मग कळलं."

स्विलेनच्या हातातली वायर तशीच राहिली.

"ती निळी वायर," बाई म्हणाल्या. "मीच ना? मला वाटतं मी तेव्हा बटणही दाबलं होतं. नक्की आठवत नाही. रोज रात्री आठवायचा प्रयत्न करते, आणि रोज दाबल्यासारखंच आठवतं. त्याने इतकी वर्षं जपलं आणि मी फडक्याने पुसता पुसता मारलं." त्यांनी खिशातून हात काढून स्वतःच्याच हातांकडे पाहिलं, दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखं. "आणि तू! तू मला म्हणालास वयाने गेल्या. माझी लाज राखलीस. मी लाझारच्या फोटोला सांगितलं, असं माणूस शोधून सापडायचं नाही."

जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं स्विलेनला झालं. बशीतली बानित्सा वाफाळत होती. त्याने ती हातानेच दूर सारली.

"बाई, ते तुम्ही नाही केलं," तो म्हणाला. "मी केलं. माझ्या घरी. मी फोनवर बोलत होतो आणि उणे पाचची वायर लावायची राहिली. तुमचं यंत्र माझ्याकडे आलं तेव्हा चांगलं होतं. चाललं होतं."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकी माया आली की तो हादरला.

"पुरे," त्या म्हणाल्या. "आता हेही स्वतःवर घेतोस? मी शिक्षिका होते रे. एका मुलाची खोडी दुसरा अंगावर घेतो तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो हे मला कळतं."

"नाही बाई, खरंच..."

"चाललं असतं तर तू फोन केला असतास. त्याच क्षणी करतो म्हणाला होतास. केलास का? नाही. म्हणजे चाललं नाही. गणित सोपं आहे." त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "खा तू. गार होतंय."

झालं होतं. सांगून झालं होतं. खरं बोललो आणि अब्रूही राहिली, दोन्ही एकदम, इतकं स्वस्तात. आता बानित्सा खायची, यंत्र चालू करून द्यायचं आणि घरी जायचं. उद्या ही बाई सगळ्या पाहुण्यांना सांगेल की स्विलेनने माझा दोष स्वतःच्या डोक्यावर घेतला. लोक मान डोलवतील. स्विलेनच्या लक्षात आलं की हे चित्र त्याला आवडतंय. आतून, अगदी खालून, आवडतंय. इतकी लाज त्याला तो चिमटा लोंबताना बघूनही वाटली नव्हती.

"बाई," तो म्हणाला, "फ्लॉपी कधीपासून तुमच्याकडे आहे?"

"तू आणून दिलीस तेव्हापासून. त्या फोटोमागे. हललेली नाही."

"आणि ती दुसऱ्या यंत्रावर चालत नाही."

"नाही."

"आणि तुम्ही ती कधी बघितलेली नाही."

"काय चाललंय तुझं?"

"त्यात काय आहे ते मला माहीत आहे," स्विलेन म्हणाला. "पहिल्याच संध्याकाळी लावून बघितली होती. याच यंत्रावर. पण सांगितलं तर तुमचं पहिल्यांदा बघणं जाईल."

बाई खुर्ची ओढून बसल्या. "सांग," त्या म्हणाल्या. वर्गात फळ्याशी उभ्या केलेल्या मुलाला म्हणावं तसं.

"ती नाव विचारते. मी सरांचं घालून बघितलं, तर काही नाही. मग तुमचं घातलं. मग पडद्यावर येतं..." त्याने पडद्याकडे बोट केलं. "येतं की, 'वेनेता, इस्त्री बंद आहे. मी वर जाऊन बघून आलो. आता चल.' आणि खालून एक बस जाते. लहानशी. बसच्या खिडकीत दोन डोकी असतात."

बाईंच्या तोंडातून एक आवाज निघाला, हसल्यासारखा. हात तोंडावर गेला. "प्रत्येक वेळी," त्या हाताआडून म्हणाल्या. "प्रत्येक वेळी त्याला जिना चढायला लावायची मी. खाली उतरलो की मला इस्त्री आठवायची." त्यांचे डोळे वाहत होते आणि त्यांना ते कळतही नव्हतं. स्विलेन खाली बघत उभा राहिला.

मग आवाज थांबला. त्याने वर पाहिलं. बाई त्याच्याकडेच बघत होत्या आणि चेहऱ्यावरची माया सरत होती. ती जाताना त्याला दिसली, हळूहळू, गणित सुटत जावं तशी.

"म्हणजे तू हे बघितलंस," त्या म्हणाल्या. "माझ्या आधी. आणि मला फोन केला नाहीस."

"क्लबात सगळ्यांसमोर दाखवायचं होतं."

"आणि मग मारलंस."

"हो."

"आणि मला वय सांगितलंस."

"हो."

"आणि बोंचोला? बोंचोला माझं नाव कुणी सांगितलं?"

"मी," स्विलेन म्हणाला. "मारणाऱ्याला ते चिपा देत नाहीत. आणि लोक ऐकत होते."

"काय म्हणालास? शब्द सांग."

त्याला तो शब्द उच्चारवेना. पण आता निम्म्यावर थांबणं आणखी घाण झालं असतं. "म्हणालो, म्हातारी आहे एक. तिला काय कळतंय यातलं."

स्वयंपाकघरात गव्हाचं पातेलं खदखदत होतं. बाई उठल्या, आत जाऊन गॅस बंद केला आणि परत येऊन तिथेच उभ्या राहिल्या.

"तुझं स्वतःचं यंत्र नाही का घरी?" त्यांनी विचारलं. "लाझार नेहमी म्हणायचा, प्लोवदिवमध्ये सगळ्यात देखणं स्विलेनकडे आहे."

"आहे."

"त्यात चिपा?"

"आहेत."

बाईंनी मान हलवली, ऐकलं एवढ्यापुरती. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, बशी फेकली असती, तरी चाललं असतं. स्विलेन त्याची वाटच बघत होता. ओरडा खाल्ला की माणूस निम्मा सुटतो.

"तीन आठवडे," त्या शांतपणे म्हणाल्या, "मी या हातांनी सुईसुद्धा धरली नाही. खाली भाजीवाल्याकडे पैसे मोजताना म्हणायची, बघून घे रे बाबा, माझ्या हातांचा भरवसा नाही." त्या यंत्राकडे वळल्या. "चालू करून दे. आणि बाहेर जा."

त्याने वायरी बघितल्या. पुन्हा बघितल्या. बाईंनी फोटोमागून फ्लॉपी आणून त्याच्या हातात न देता टेबलावर ठेवली. त्याने यंत्र चालू केलं, फ्लॉपी कशी सरकवायची ते सांगितलं, आणि कोट घेऊन जिन्यात आला. दार मागे लागलं.

तो गेला नाही. जायला हवं होतं की नाही हे त्याला ठरवता येईना, म्हणून दारावरच्या कागदासमोर उभा राहिला. कागदावरचे लाझार सर कुठल्याशा सहलीत ऊन डोळ्यांवर आल्यासारखे हसत होते. आतून ड्राइव्हची घरघर ऐकू आली. मग एकेक कळ दाबल्याचा आवाज, सावकाश, मधे थांबत, चुकायची भीती असलेल्या माणसासारखा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा त्याच कळा. आणि पुन्हा. किती वेळा ती बस गेली देव जाणे. वरच्या मजल्यावरची एक बाई पिशव्या घेऊन उतरली आणि जिन्यात उभ्या असलेल्या, रडणाऱ्या माणसाकडे बघून हळहळली, "जवळचे होते का तुमचे?" स्विलेनने भिंतीकडे सरकून तिला वाट दिली.

शेवटी दार उघडलं. बाईंचे डोळे सुजलेले होते, पण पाठ ताठ होती आणि आवाज शाळेतला होता.

"उद्या एक वाजता जेवण आहे," त्या म्हणाल्या. "लाझारचे विद्यार्थी येतील, तुमच्या क्लबातले चौघे जण येतील. बोंचोला मी तुझ्या शेजारी बसवणार आहे. गव्हाची वाटी सगळ्यांच्या हातात गेली की मी तुझ्याकडे बघेन. मग तू बोल. जो शब्द तिथे वापरलास तोच इथे वापर."

"येतो," स्विलेन म्हणाला, पण तोवर दार लागलं होतं. तो पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, बंद दाराला म्हणाला, "येतो, बाई."